विचारत बसू नका

घरात तिला ठकी म्हणत. लहानपणी बसवली तिथे बाहुलीसारखी बसून राहायची, म्हणून वडिलांनी ते नाव ठेवलं. पुढे पायाला भिंगरी लागली, लग्न झालं, दोन मुलं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नाव काही सुटलं नाही. आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातली कपड्यांची खोली सांभाळत होती. वरच्या नर्सबाया तिला चादरवाल्या ताई म्हणायच्या.

सकाळी सातला मळक्या चादरींची गाठोडी ढकलगाडीतून खाली यायची. गाठोडं उघडायची तिथे एक रीत होती. आधी जाड हातमोजे, मग गाठ सोडायची, चादर कोपऱ्याला धरून टेबलावर झटकायची, आणि काही खाली पडत नाही ना ते पाहायचं. उघडा हात आत घालायचा नाही. ही रीत ठकीनेच घालून दिली होती. सहा वर्षांपूर्वी घड्या घालणाऱ्या मावशींना चादरीत राहिलेली सुई टोचली. पुढचे सहा महिने दर तपासणीच्या आधी मावशी आणि ठकी वरच्या बाकावर देवाचं नाव घेत बसायच्या. निभावलं. पण तेव्हापासून ठकीचा हात इतका शहाणा झाला, की घरी मुलाच्या दप्तरातून डबा काढतानासुद्धा तो आधी थबकायचा.

हात शहाणा झाला होता. अंगठा व्हायचा होता.

तिचे वडील चार बसथांबे पलीकडे, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. चौतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाईन जोडून दिली होती. कानामागे त्या हेडफोनचा वळ अजून होता, आणि जिभेवर तीन प्रश्न: "कोण? कुठून? कोणाला?" ते विचारल्याशिवाय त्यांनी कधी कुणाची लाईन जोडली नाही, आणि निवृत्त झाल्यावर घरातल्या माणसांनाही त्यातून सूट दिली नाही. दादाचा, म्हणजे ठकीच्या थोरल्या भावाचा, एक मित्र लहानपणी त्याला खेळायला बोलवायला आला होता. दाराआडून तीन प्रश्न झाले आणि तो बिचारा तिसऱ्याला घाबरून पळाला. दादा ती गोष्ट पन्नाशीतही रागानेच सांगायचा.

आई गेल्यावर दादाने बाबांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला, आणि बाबांचा दिवस ठकी त्या फोनवरून चालवू लागली. निळी गोळी घेतलीत का. नळवाला येईल, दार उघडा. दुधाची पिशवी आत घ्या. प्रत्येक मेसेज गेला की दोन मिनिटांत बाबांचा फोन यायचा. कोण? कुठून? निळी म्हणजे कुठली निळी? तळघरात फोनला रेंज नाही. बावीस पायऱ्या चढून जिन्याच्या खिडकीशी यायचं, बाबांना उत्तर द्यायचं, पुन्हा बावीस उतरायच्या. एका दिवशी असं अकरा वेळा झालं. अकराव्या वेळी ठकी खिडकीशी टेकली आणि तिने लिहिलं, "बाबा, मी लिहिलं की तेवढं करायचं. विचारत बसू नका."

फोन थांबले. तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. त्या हलकेपणाची किंमत चुकवायची आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

दोन महिन्यांनंतरची गोष्ट. सकाळी अकराच्या चहाला ठकी जिन्याच्या खिडकीशी येऊन बसली होती. एक चप्पल पायातून काढली होती, टाच चोळत होती. फोनवर वहिनींचा, म्हणजे दादाच्या बायकोचा, मेसेज होता. "ठकीताई, माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या नंबरवर गेलाय. जरा पाठवता का, घाईत आहे." वर पाहिलं तर खरंच एक कोड आलेला. तिच्या मनात एकच विचार आला, की एवढं केलं की दुसरी टाच चोळता येईल. तिने कोड पाठवला. त्या कोडाखाली हा कुणाला सांगू नका असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते तिने दुसऱ्या दिवशी वाचलं.

जरा वेळाने फोनवर अक्षरं उमटली, की हा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवला गेला आहे. फोनला आता काय झालं, असं पुटपुटत तिने तो खिशात टाकला आणि खाली गेली.

एक वाजता मावशी धापा टाकत वरून आल्या.

"ताई, तुम्ही माझ्या सुनेकडे कार्डाचा नंबर कशाला मागताय?"

"मी?"

"तुमच्याच नावाने आलाय मेसेज. तुमचा फोटोपण आहे. ती म्हणते, ताईंना काही अडचण आहे का, मी देऊ का?"

ठकीला वहिनींना पाठवलेला तो कोड आठवला. मग तिला वडील आठवले आणि हातातली चादर तिथेच गळून पडली.

बावीस पायऱ्या ती कशी चढली ते गुडघ्यांनाच माहीत. बाबांना साधा फोन लावला. वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदाही तेच. अर्ध्या दिवसाची रजा तोंडीच सांगून ती बस पकडायला धावली, आणि चार थांबे उभ्याने देवाला हेच मागत राहिली की त्यांचा चष्मा सापडू नये.

चष्मा सापडला होता. बाबा टेबलाशी ताठ बसले होते. पुढ्यात बँकेचं कार्ड, कागद, पेन्सिल. समोरच्या भिंतीवर, फोन ठेवायच्या जागेच्या वर, त्यांच्या ठळक अक्षरात चिकटवलेला कागद होता: विचारत बसू नका.

"आलीस? बस," ते म्हणाले. "तू मागितलास तो दुसरा कोड आत्ता आला बघ. कागदावर उतरवलाय. एकदा ताडून बघतो आणि पाठवतो. फोन सारखा वाजत होता कुणाचा तरी, मी न बघताच कट करत होतो. म्हटलं, तुझं काम आधी."

ठकीने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. घाईत जरा ओढल्यासारखाच झाला. बाबांनी वर पाहिलं, आणि शाळेतलं पोर बाईंना सांगतं तसं म्हणाले,

"मी विचारलं नाही हं, ठके. काहीच विचारलं नाही."

ती खुर्चीत बसली. रडू येईल असं वाटलं, पण तेवढं त्राणही नव्हतं. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर बँकेला फोन करून तिने कार्ड बंद करवलं. पहिला कोड सव्वाबारालाच गेला होता, आणि त्याबरोबर बाबांचं त्या महिन्याचं पेन्शन. दुसरा कोड जायचा वाचला, कारण बाबा कुठलाही आकडा दोनदा ताडल्याशिवाय पुढे देत नसत. ती सवय ठकीकडून मोडायची राहून गेली होती. तिचं स्वतःचं मेसेजचं खातं मात्र लगेच परत मिळेना. चोराने आत शिरून आपली कडी घातली होती. सात दिवस थांबा, असं उत्तर आलं. सात दिवस ठकी ओळखीच्या माणसांना एकेक करून फोन लावत होती आणि तेच वाक्य सांगत होती, की माझ्या नावाने काही आलं तर ते मी नाही. विसाव्या फोननंतर आपण खरंच आहोत का, अशीच शंका यायला लागली.

खातं परत मिळालं त्या रविवारी दादा आणि वहिनी तीन तासांचा प्रवास करून बाबांकडे आले. दादा दारातूनच बोलत आला.

"ठकी ठकली. नावच असं ठेवलंत बाबा, तिचा तरी काय दोष."

कुणी हसलं नाही. दादालाही हसू आलं नव्हतं. तो खुर्ची ओढून बसला आणि त्याने गाडीत ठरवून आणलेलं सांगून टाकलं. फोन त्याच्याकडे द्यायचा. बाबांनी आता एकटं राहायचं नाही. त्याच्या घराची मागची खोली रिकामी आहे, तिथे यायचं, आणि या खोल्यांना कुलूप.

"मागच्या खोलीला खिडकी आहे का?" बाबांनी विचारलं.

"बाबा, प्रश्न खिडकीचा नाहीये."

"बरं."

ते 'बरं' ठकीच्या ओळखीचं होतं. बाबा कुणाशी भांडत नसत. एक्स्चेंजमध्ये गिऱ्हाईक ओरडलं तरी 'बरं' म्हणून लाईन धरून ठेवायचे. या दोन खोल्यांत त्यांना जिन्याची पावलं ओळखता येत होती. खालचा न्हावी दर शनिवारी वर येऊन दाढी करायचा आणि दोघं तासभर जुन्या तक्रारी उगाळायचे. मागच्या खोलीत कोण येणार होतं?

"दोष माझा आहे," ठकी म्हणाली. "विचारू नका असं त्यांना मीच सांगितलं होतं. तो कागद बघ."

"दोष कुणाचा ते मी विचारतच नाहीये. पुढच्या वेळी काय, ते विचारतोय."

वहिनी इतका वेळ कपबशा विसळत होत्या. नळ बंद करून त्या म्हणाल्या,

"सुरुवात माझ्या फोनवरून झाली."

दादाने मान वळवली.

"मला शिवणक्लासच्या बाईंच्या नावाने तसाच मेसेज आला होता. मी कोड दिला. मग माझ्या नावाने ठकीताईंना गेला. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही चिडला असतात. म्हणजे आता चिडला आहात तसे." पदराला हात पुसत त्या पुढे म्हणाल्या, "सोन्यासारख्या शहाण्या तीन बायका फसल्या, त्यांना कुणी मागच्या खोलीत ठेवत नाहीये."

दादाने विसळलेल्या कपबशा फळीवर नेऊन ठेवल्या. दुष्ट नव्हता तो. रस्ता तीन तासांचा होता, आणि फोन वाजला की आधी वाईटच मनात यायचं. शेवटी म्हणाला, "तीन महिने. पुन्हा एकदा असलं काही झालं, तर मी विचारत बसणार नाही. सामान बांधायचं."

त्याच दुपारी वहिनींनी टेबलाशी बसून सगळ्यांच्या फोनना आतून दुसरी कडी घातली. म्हणजे चोराच्या हाती कोड लागला तरी तेवढ्यावर भागू नये, वर आपलेच सहा आकडे लागावेत. जन्मसाल नको, घराचा नंबर नको, कुठे लिहून ठेवायचे नाहीत, असं त्यांनी बजावलं. ठकी आणि दादा डोकं खाजवत बसले. बाबांनी क्षणात आकडे घातले. एका दुकानाचा चाळीस वर्षांपूर्वीचा फोन नंबर होता तो, एवढंच त्यांनी सांगितलं. ते दुकानही आता नव्हतं आणि मालकही. नंबर मात्र त्यांच्या डोक्यात घासल्यापुसल्यासारखा होता.

मग सगळे निघायच्या आधी बाबा पेन्सिल घेऊन उठले, भिंतीवरच्या कागदाशी गेले आणि शेवटचा शब्द नीट, पट्टी धरून खोडला. उरलं ते असं: विचारत बसू.

"नवा कागद कशाला वाया घालवायचा," ते म्हणाले.

ठरलं ते एवढंच होतं. फोनवर काही मागणारा मेसेज आला, तो कुणाचाही असो, की हातातला फोन आधी खाली ठेवायचा. मग त्याच माणसाला, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर, साधा फोन लावायचा आणि बाबांचे तीन प्रश्न विचारायचे. शेवटचा तेवढा बदलला: कोण, कुठून, कशासाठी. नंबरच नवा असेल तर चौथा प्रश्न असा, की ज्याचं उत्तर कुठल्याच फोनमध्ये नाही. आणि कोड कुणालाच नाही. देवाने मागितला तरी नाही, असं दादा म्हणाला. ठकी म्हणाली, देव कशाला मागेल, त्याच्याकडे सगळ्यांचे आहेत.

ठरवायला एक दुपार पुरली. पाळायला दिवस पुरेनात.

बाबांचे फोन पुन्हा सुरू झाले. गोळीसाठी, दुधासाठी, नळवाल्यासाठी. ठकी पुन्हा बावीस पायऱ्या चढू लागली. पावसाळी दमट दिवसांत तळघरात चादरी वाळत नसत, वरून वॉर्डातल्या बाया ओरडत, दोन मशिनी बंद पडलेल्या, आणि त्यात खिशात घरचे तीन प्रश्न. एकदा तर तिनेच आधी फोन करून सांगितलं होतं, की आता मेसेज करते. तरी बाबांचा फोन आलाच.

"कोण?"

"बाबा, फोन तुम्ही केलाय."

"लाईन मी जोडली. पलीकडे कोण आहे ते विचारायला नको?"

एका संध्याकाळी तिने 'विचार' एवढं टंकलं. पुढची अक्षरं अंगठ्याच्या टोकाशी होती. ती त्या तीन अक्षरांकडे बघत राहिली. मग एकेक पुसली.

रोज सकाळी निघण्याआधी ती दोन मिनिटं देवापुढे उभी राहायची. लग्नाआधीपासूनची सवय. खरं सांगायचं तर वर्षातले तीनशे दिवस मन तिथे नसायचंच. ते बसथांब्यावर पोचलेलं असायचं. नुसते ओठ हलायचे. पण मावशींच्या तपासणीच्या दिवसांत, जेव्हा मनाला काहीच सुचत नव्हतं, तेव्हा त्या हलणाऱ्या ओठांनीच तिला धरून ठेवलं होतं. हेही तसंच असेल, असं ती स्वतःला सांगायची. मन लागतंय की नाही ते बघायचं नाही. फोन खाली ठेवायचा, नंबर लावायचा, विचारायचं. हळूहळू तिच्या अंगठ्यालाही ते कळू लागलं. कोड आलेला दिसला की तो आपोआप आखडायचा, गाठोडं दिसल्यावर हात आखडायचा तसा.

अडीच महिने झाले असतील. दुपारी दोनला ठकी खिडकीशी आली तर अनोळखी नंबरावरून चार फोन येऊन गेले होते. पाचवा तिने घेतला.

"ठके, मी दादा. अगं, बाबांना सांग जरा."

आवाज दादासारखा होता. थोडा घोगरा, घाईचा. ठकीचा पाय दुखत होता, मावशी खालून हाका मारत होत्या, आणि हा दादाच आहे हे तिला शंभर टक्के कळत होतं. पण वहिनीही शंभर टक्के वहिनीच होत्या.

"कोण?" ती म्हणाली.



"तू पण? अगं, माझा फोन पाण्यात पडला. नवीन नंबर घेतलाय. घराच्या कागदाच्या पहिल्या पानाचा फोटो हवाय मला आजच, ऑफिसात द्यायचाय. बाबांना मेसेज केला, तर ते म्हणतात कोण, कुठून, कशासाठी. सगळं सांगितलं. तरी देत नाहीत. मी त्यांचा मुलगा आहे."

"तो पण हेच म्हणाला असता."

"तो कोण?"

"जो कोणी असेल तो. चौथा प्रश्न विचारला का त्यांनी?"

दादाच्या मागे माणसांचे आवाज ऐकू येत होते, लिफ्टची घंटी वाजली.

"विचारला," तो शेवटी पुटपुटला. "लहानपणी कशाला भ्यायचास, म्हणून विचारलं. इथे आठ माणसं उभी आहेत, ठके."

"मग बाजूला जा आणि सांग. मलाही तेच उत्तर हवंय."

"तू पण ना..." आवाज एकदम खाली आला. "शिलाई मशीनला."

ठकी खिडकीच्या कठड्यावर बसली. आई मशीन चालवायला बसली की दादा पलंगाखाली शिरायचा, बोट आत ओढून घेईल म्हणून. बाहेर काढायला बाबांना पलंगाशी ओणवं बसावं लागायचं. ती कितीतरी वर्षांत हसली नव्हती इतकी हसली, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं ते तिने मनगटाने पुसलं, कारण दुसऱ्या हातात अजून मोजा होता.

"बाबांना सांगितलंस हे?"

"नाही. म्हटलं, हद्द झाली."

"सांग त्यांना. लगेच फोटो येईल."

पुढचं तिला वहिनींकडून कळलं. दादाने जिन्यात उभं राहून बाबांना ते उत्तर दिलं. बाबा म्हणाले, "बरं. लाईनवर थांबा." मग उठून कागद काढला, फोटो घेतला, नीट आलाय का ते दोनदा ताडून पाहिलं आणि पाठवला. त्या रात्री दादा जेवताना आपणहून म्हणाला, की म्हातारा आपल्याला घरात घेत नाही म्हणजे तो कुणालाच घेणार नाही.

तीन महिने भरले त्या रविवारी दादा आला. सामानाचा विषय त्याने काढला नाही, इतरांनीही नाही. जाताना भिंतीवरच्या कागदासमोर तो जरा थांबला, एक कोपरा सुटला होता तो अंगठ्याने दाबून चिकटवला आणि जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सोमवारी गाठोडी दुप्पट येतात. अकराच्या चहाला ठकीने खिडकीशी बसून बाबांना लिहिलं, की न्हावी शनिवारऐवजी आज येणार आहे, दार उघडा. कपातला चहा तिने प्यायला नाही. कप बाजूला ठेवला, चप्पल काढली, आणि फोनकडे बघत टाच चोळत बसली. दोन मिनिटांत तो वाजला.

"कोण?"

"ठकी."

"कुठून?"

"चादरींच्या खोलीतून. म्हणजे जिन्यातून."

"कशासाठी?"

तिने भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सांगायला लागली.